महामहोपाध्याय काणे : रूढीचे वय विचारणारे इतिहासकार



कॅनडात राहणाऱ्या आपल्या घरांमध्ये उन्हाळा सरत आला की एक प्रश्न हमखास निघतो. यंदा गणपती नक्की कधी? भिंतीवरच्या कालनिर्णयात एक तारीख असते, इथल्या देवळाच्या पत्रकात कधी कधी आदल्या दिवसाची. फोनवर पुण्याची आई एक सांगते, इथले गुरुजी दुसरेच सांगतात, आणि मुले विचारतात की देवाला दोन वाढदिवस कसे. खरे तर उत्तर सोपे आहे. ज्या दिवशी मध्यान्हकाळी चतुर्थी असेल तो दिवस घ्यायचा असा नियम आहे, आणि मध्यान्ह आपण राहतो तिथला धरायचा. चंद्र सगळ्यांना एकच असला तरी टोरांटोची दुपार ही मुंबईची दुपार नव्हे.

पण हा नियम कोणी केला, कधी केला, आणि त्याआधी लोक काय करीत होते? असे विचारणारा माणूस शेवटी एकाच ग्रंथापाशी येऊन पोहोचतो. तो म्हणजे महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास. पाच खंड, सुमारे साडेसहा हजार पाने. पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटच्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ साली. पहिला खंड आला तेव्हा काणे पन्नाशीचे होते, शेवटचा आला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे नाव भारतरत्नांच्या यादीत वाचलेले असते, यापलीकडे फारसे काही माहीत नसते. पूर्वजांनी सांगितलेल्या चालीरीतींचे ओझे आणि अभिमान, दोन्ही बरोबर घेऊन आपण इतक्या दूर आलो. त्यामुळे या गृहस्थाची ओळख खरी तर आपल्याला इतरांपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी कोकणात चिपळूणजवळ आजोळी झाला. घराणे वैदिकाचे, चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव मात्र भिक्षुकी सोडून वकिलीकडे वळले होते आणि दापोलीला तालुक्याच्या कोर्टात काम करीत. म्हणजे घरात एका बाजूला संस्कृत पाठांतर आणि दुसऱ्या बाजूला दाव्यांचे कागद. मुलाने पुढे आयुष्यभर याच दोन गोष्टींचा मेळ घातला. शाळा दापोलीची मिशन हायस्कूल. त्या काळच्या कोकणातल्या हुशार मुलाची वाट ठरलेली असे, शाळा संपली की बोटीने मुंबई. काणे विल्सन कॉलेजात गेले. १९०१ साली बी. ए., त्यानंतर कायद्याची पहिली परीक्षा आणि १९०३ साली एम. ए.

दापोली तालुक्याबद्दल इथे थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे याच तालुक्यातल्या मुरूडचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपणीचे काही दिवस दापोलीत गेले. आणि रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक, ज्यांनी निळकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' हा हिंदू कायद्याचा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला, तेही मुरूडचेच. मंडलिकांचा तो ग्रंथ छापून निघाला १८८० साली, म्हणजे काणे यांच्या जन्माच्या वर्षी. पुढे तरुण काण्यांना रामायण-महाभारतात दिसणाऱ्या आचारविचारांवरील निबंधासाठी जे सुवर्णपदक मिळाले ते याच मंडलिकांच्या नावाचे होते. आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी काण्यांनी जो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला तो तोच 'व्यवहारमयूख'. योगायोग म्हणावा, पण त्या काळच्या कोकणात वकिली आणि संस्कृत या गोष्टी एकमेकींच्या किती जवळ होत्या ते यावरून कळते.

नोकरीची सुरुवात मास्तरकीने झाली. १९०४ ते १९०७ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात, मग मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात. याच काळात साहित्यशास्त्रावरचा अभ्यास चालू होता. 'साहित्यदर्पण' या ग्रंथाची त्यांची आवृत्ती १९१० साली आली, आणि तिला जोडलेली अलंकारशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना पुढे वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथ झाली. प्रस्तावना लिहायला बसायचे आणि ग्रंथ होऊन उठायचे, ही काण्यांची खोडच म्हणायला हवी. 'कादंबरी', 'हर्षचरित', 'उत्तररामचरित' यांच्या त्यांच्या आवृत्त्यांवर कॉलेजातल्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या.

सरकारी शिक्षणखात्यात त्यांचे बस्तान बसेल असे वाटत होते. पण बढतीच्या वेळी त्यांच्याहून कनिष्ठ माणसाला पुढे काढण्यात आले. काण्यांनी नोकरी सोडली आणि १९११ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. घरसंसार होता, हाताशी पैसा नव्हता, वकिलीत ओळखीपाळखी नव्हत्या. पुढच्याच वर्षी ते हिंदू आणि मुसलमानी कायदा हे विषय घेऊन एल्एल. एम. झाले. १९१७ ते १९२३ या काळात सरकारी लॉ कॉलेजात कायद्याचे प्राध्यापकही होते. पण उभ्या आयुष्यात संशोधनासाठी पगार देणारी कायमची जागा त्यांना कधी मिळाली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आज पाच खंड पाहून आपल्याला वाटते की मागे एखादे मोठे खाते असेल, मदतनिसांची फौज असेल. तसे काही नव्हते. दिवसा कोर्ट, उरलेल्या वेळात टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातली पोथ्यापुस्तके आणि रात्री गिरगावातल्या आंग्रेवाडीतल्या घरी टिपणे. जोडीला पोटाच्या अल्सरचे जुने दुखणे, जे वर्षानुवर्षे त्यांच्या पाठीस लागले होते.

आता मोठ्या ग्रंथाकडे येऊ. तोही प्रस्तावनेतूनच जन्माला आला. 'व्यवहारमयूख' हा मुंबई इलाख्यातल्या कोर्टांमध्ये प्रमाण मानला जाई. वारसा, दत्तक, वाटणी यांचे दावे त्याच्या आधारे निकाली निघत. ज्यांच्या घरी जुन्या वाटणीपत्रांच्या नकला असतील त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. निळकंठ भट्ट हे सतराव्या शतकातले काशीचे पंडित, पण घराणे मूळचे पैठणचे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट याच घराण्यातले, आणि तिथीनिर्णयासाठी आजही ज्याचे नाव निघते तो 'निर्णयसिंधु' लिहिणारे कमलाकर भट्टही याच घराण्यातले. काण्यांनी 'व्यवहारमयूखा'ची आवृत्ती तयार करताना ठरवले की सुरुवातीला धर्मशास्त्राचे ग्रंथ कोणकोणते, कोणी लिहिले, केव्हा लिहिले, याची थोडी माहिती द्यावी. ती थोडी माहिती इतकी फुगली की ती त्या पुस्तकात मावेना. १९२६ साली 'व्यवहारमयूख' निघाला आणि बाजूला ठेवलेली माहिती चार वर्षांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली.

पहिल्या खंडात फक्त ग्रंथ आणि ग्रंथकार. वकिलाच्या भाषेत सांगायचे तर आधी साक्षीदार कोण आणि त्यांची वये काय हे ठरवून घेतले. मग १९४१ साली दुसरा खंड आला, त्यात वर्ण, आश्रम, सोळा संस्कार, लग्न, स्त्रियांचे स्थान. १९४६ साली तिसरा, राजधर्म आणि न्यायदान यांचा. १९५३ साली चौथा, पाप, प्रायश्चित्त, अंत्यविधी, श्राद्ध आणि तीर्थयात्रा यांचा. पाचवा १९५८ आणि १९६२ अशा दोन वेळी, व्रते, उत्सव, पंचांग, शांती, पुराणे, तंत्र आणि मीमांसा यांचा. आपल्या देवळात वर्षभर जे जे होते त्यातले बहुतेक सगळे या चौथ्या आणि पाचव्या खंडात कुठे ना कुठे सापडते.

या साऱ्या पानांत काण्यांनी केले काय? एका वाक्यात सांगायचे तर प्रत्येक रूढीला त्यांनी तिचे वय विचारले. अमुक गोष्ट आमच्यात पहिल्यापासून आहे असे कोणी म्हटले की काणे शांतपणे विचारणार, वेदात आहे का, सूत्रांत आहे का, मनू आणि याज्ञवल्क्य काय म्हणतात, टीकाकारांत मतभेद आहे का, शिलालेखात काही पुरावा आहे का. मग उत्तर जे येईल ते येईल. सुधारकांना आवडेल तेही लिहिले आणि सनातन्यांना आवडेल तेही लिहिले, आणि कित्येकदा दोघांनाही आवडणार नाही असेही.

उदाहरणादाखल त्यांचे कलिवर्ज्य प्रकरण घ्या. पूर्वीच्या युगांत चालत होत्या पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची एक यादीच मध्ययुगातल्या पंडितांनी केली होती. काण्यांनी पन्नासहून अधिक गोष्टी गोळा केल्या आणि एकेकीची छाननी केली. त्यात नियोग आहे, वडील मुलाला वाटणीत जास्त हिस्सा देणे आहे, वेगळ्या वर्णांत लग्न करणे आहे, विधवेचा पुनर्विवाह आहे. वरवर पाहता ही यादी म्हणजे कर्मठपणाचा कळस वाटते. काण्यांनी तिच्यातून उलटाच अर्थ काढला. ज्या गोष्टी खुद्द वेदांनी आणि स्मृतींनी मान्य केल्या होत्या त्या लोकांना नकोशा झाल्या म्हणून पंडितांनी बंद केल्या, म्हणजे धर्माचे नियम समाजाच्या मनाप्रमाणे बदलत आले याचा हा लेखी पुरावाच झाला. बदल करणाऱ्यांनी तो बदल आहे असे म्हटले नाही, युगाचे नाव पुढे केले, इतकेच.

याच यादीत समुद्रप्रवास आहे. बोटीने परदेशी गेलेल्या द्विजाला, त्याने प्रायश्चित्त घेतले तरी, जातीत घेऊ नये असा तो नियम. आपल्यापैकी कितीजणांच्या पणजोबांनी हे ऐकले असेल! बौधायनाच्या सूत्रातही समुद्रप्रवासाला दोष दिला आहे, पण तिथेच तो उत्तरेकडच्या लोकांच्या चालींमध्येही मोजला आहे, म्हणजे लोक जात होते. बोर्निओ बेटावर यज्ञाच्या दगडी स्तंभांवर संस्कृत लेख सापडले आहेत, जावा आणि कंबोडियात देवळे उभी आहेत. ती काही समुद्र न ओलांडता झाली नाहीत. काणे दहा वर्षांचे असताना पुण्यात नुसत्या मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतल्यावरून ग्रामण्य उठले होते आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. त्या वातावरणात वाढलेला हा माणूस १९४८ साली पॅरिसला, १९५१ साली इस्तंबूलला आणि १९५४ साली केंब्रिजला प्राच्यविद्येच्या जागतिक परिषदांना गेला.

आपल्या बाजूने पाहिले तर समुद्राला दोन दरवाजे होते. एक आपल्याच पंडितांनी लावलेला आणि दुसरा कॅनडा सरकारने. १९०८ साली इथे अखंड प्रवासाचा नियम आला. जन्मदेशातून वाटेत न थांबता जो येईल त्यालाच उतरू द्यायचे, आणि हिंदुस्थानातून तशी बोट तर येत नव्हती. १९१४ साली कोमागाता मारू ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरच्या बंदरात दोन महिने उभी राहिली आणि बहुतेकांना तशीच परत गेली. १९६७ साली गुणांची पद्धत आली आणि मग आपली डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक मंडळी येऊ लागली. तोवर पहिला दरवाजा कधीच निखळला होता. त्याची बिजागरी कशी बसवली होती हे कागदोपत्री दाखवण्याचे काम काण्यांनी केले.

दुसरे उदाहरण जरा दुःखाचे आहे. विधवांचे केशवपन. काण्यांच्या तरुणपणी कोकणस्थ आणि देशस्थ घरांमधून लाल आलवणातल्या, डोके झाकलेल्या बायका सर्रास दिसत. पती गेला की न्हाव्याला बोलावणे हा जणू वेदाचा हुकूम आहे असे मानले जाई. काण्यांनी शोध घेतला. वेदात आधार नाही. मनू आणि याज्ञवल्क्य यांच्यातही नाही. आधार म्हणून सांगितला जातो तो मुख्यतः स्कंदपुराणातल्या काशीखंडाचा आणि एका उशिराच्या स्मृतीचा. इतकेच नव्हे, दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांच्या एका पंथात विधवेचे केस काढणे निषिद्धच आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. ज्या गोष्टीसाठी लाखो बायकांना जन्मभर अंधाऱ्या खोलीत राहावे लागले तिचा पाया इतका तकलादू निघाला.

आणि काणे नुसते लिहून थांबले नाहीत, म्हणूनच मला ते जास्त भावतात. केस राखलेल्या एका विधवा बाईंना पंढरपूरच्या देवळात विठ्ठलाची पूजा करायला तिथल्या पुजाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा काण्यांनी त्यांची बाजू घेऊन दावा लढवला. पुंडलिकाच्या भेटीला आलेल्या देवाच्या दारात एका बाईचे केस आड यावेत, हे त्यांच्यातल्या वकिलालाही पटले नाही आणि संस्कृत पंडितालाही. तसाच प्रसंग गिरगावच्या ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवाचा. ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत त्यांना या उत्सवात येऊ द्यायचे की नाही यावरून सभासदांत दोन तट पडले आणि भांडण कोर्टापर्यंत गेले. काणे येऊ द्यावे या बाजूचे होते. ज्या समाजात उठबस, ज्यांच्या घरी लग्नामुंजीची निमंत्रणे, त्यांच्याच विरुद्ध उभे राहणे हे ग्रंथ लिहिण्याहून अवघड असते. आपल्याकडे एखाद्या मंडळाच्या वार्षिक सभेत हात वर करतानाही आपण शेजारी कोण बसले आहे ते पाहतो!

याचा अर्थ काणे जहाल सुधारक होते असा मात्र नाही. ते मध्यम मार्गाचे. रूढी मोडायची तर शास्त्राच्या आतूनच मार्ग काढावा, लोकांना बरोबर घेऊन जावे, अशी त्यांची वृत्ती होती. म्हणून त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली. सनातन्यांना राग आला तो प्राचीन काळच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे सापडले ते सरळ लिहून टाकले त्याचा. त्यांच्या 'धर्मशास्त्रविचार' या मराठी पुस्तकातल्या या माहितीचा आधार डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या १९४८ सालच्या ग्रंथात घेतला. दापोलीच्या मातीशी नाते असलेली दोन माणसे, एक वैदिकाच्या घरातला आणि दुसरा ज्याला शाळेत पाण्याला शिवू दिले नाही असा, एकाच पुराव्यापाशी भेटली. निष्कर्ष दोघांचे वेगळे होते, पण पुरावा खोटा आहे असे कोणी म्हणू शकले नाही.

मुंजीचा विषय घ्या. इथे आता काही घरांत मुलीचीही मुंज करावी का असा विचार होतो आणि आजीला ते खटकते. काण्यांच्या दुसऱ्या खंडात हारीत या जुन्या धर्मसूत्रकाराचे मत दिले आहे. त्याने स्त्रियांचे दोन वर्ग सांगितले, एक वेदाध्ययन करणाऱ्या आणि दुसऱ्या लगेच लग्न करणाऱ्या, आणि उपनयन दोघींचेही सांगितले. पहिलीचे पुढे अध्ययन, दुसरीचे लग्नाच्या वेळी नुसते विधीपुरते. मनूच्या काळापर्यंत ही चाल मागे पडली होती हेही काणे सांगतात. म्हणजे नातीचेही खरे आणि आजीचेही खरे, फक्त शतके वेगळी. तसेच मामाच्या मुलीशी लग्नाचे. देशस्थांत ते चालते, कोकणस्थांत ते वर्ज्य. बौधायनाने ती दक्षिणेकडची चाल म्हणून नोंदवली आहे आणि तिच्या बाजूने व विरुद्ध पंडितांनी जो काथ्याकूट केला तो सारा काण्यांनी मांडला आहे. स्वतः कोकणस्थ असूनही त्यांनी देशस्थांना नावे ठेवली नाहीत, याची देशस्थ वाचकांनी नोंद घ्यावी.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. काण्यांचा सारा इतिहास पोथ्यांवरून लिहिलेला आहे, आणि पोथ्या लिहिणारे बहुतेक ब्राह्मण पुरुष. शेतकरी, कारागीर, गावकुसाबाहेरचे लोक प्रत्यक्षात काय करीत होते, घरातल्या बायका काय मानीत होत्या, हे त्यात ओझरतेच दिसते. ग्रंथात नियम आहे म्हणजे गावात तो पाळला जात होता असे नव्हे, हे काणे जाणून होते आणि शिलालेख व कोर्टाच्या निकालांवरून तपासतही होते. पण ओव्या, लोककथा, देवीचे उत्सव यांतून समाज वाचायचे काम पुढच्या अभ्यासकांनी, इरावतीबाई कर्व्यांसारख्यांनी, केले. इरावतीबाई गावोगाव हिंडल्या, काणे टाऊन हॉलच्या पायऱ्या चढले. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मानसन्मान उशिरा आले, पण आले तेव्हा एकापाठोपाठ आले. १९४२ साली महामहोपाध्याय ही पदवी. १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा, एकेकाळी बढतीत मागे टाकलेला मास्तर, त्या विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीवर होता. १९५३ साली भारतीय इतिहास परिषदेचे अध्यक्षपद आणि त्याच वर्षी राज्यसभेवर नियुक्ती. १९५६ साली चौथ्या खंडासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार, आणि गंमत अशी की ग्रंथ इंग्रजीत असला तरी पुरस्कार संस्कृत विभागातला. १९५९ साली राष्ट्रीय प्राध्यापक. आणि १९६३ साली भारतरत्न, डॉ. झाकीर हुसेन यांच्याबरोबर. महर्षी कर्व्यांना तो १९५८ साली मिळाला होता, तेव्हा पाच वर्षांत दापोलीकडे दुसऱ्यांदा भारतरत्न आले.

काण्यांचे मूळ खंड इंग्रजीत आहेत आणि इथल्या मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळू शकतात. हिंदी भाषांतर आहे. मराठीत यशवंत आबाजी भट यांनी केलेला सारांशरूप ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढला आहे, आणि ज्यांना साडेसहा हजार पानांची धास्ती वाटते त्यांनी तिथून सुरुवात करावी. सलग वाचू नये. आपल्या घरात ज्या गोष्टीवरून वाद झाला असेल तेवढे प्रकरण काढावे. श्राद्ध इथे कसे करावे, अस्थी गंगेतच न्याव्या लागतात का, सुतक परदेशी कळले तर किती दिवस, असे प्रश्न पूर्वीच्या लोकांनाही पडले होते. दूरदेशी गेलेल्याला घरच्या मृत्यूची वार्ता उशिरा कळली तर काय करावे यावर जुन्या ग्रंथांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत, कारण तेव्हाही माणसे घरापासून दूर होती.

शेवटच्या खंडाच्या अखेरीस काण्यांनी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेबद्दलही आपले मत मांडले. वकील म्हणून आणि धर्मशास्त्राचा अभ्यासक म्हणून त्यांना एक गोष्ट खटकत होती. घटनेत नागरिकांचे हक्क सविस्तर दिले आहेत, पण कर्तव्यांचा उल्लेख नाही, आणि ज्या परंपरेत धर्म या शब्दाचा मोठा अर्थच कर्तव्य असा आहे तिथे हे विचित्र आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईत वारले. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचे कलम घटनेत घातले गेले ते त्यानंतर चार वर्षांनी, १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने त्यांच्या नावाने पदव्युत्तर अभ्यासाची संस्था काढली. ती त्याच टाऊन हॉलमध्ये आहे.